बारामतीचा मोर आणि साष्टीचं पुराण

मी बारामतीचा. मोरोपंतांचं नाव शाळेपासून ऐकलेलं, पण 'केकावली' हातात घेतली ती इंजिनिअरिंग संपल्यावर. केका म्हणजे मोराची हाक. मोर मेघासाठी ओरडतो, पंत (१७२९–१७९४) देवासाठी. पण हाकेनं पाऊस पडत नाही. मेघाला यावं लागतं.

कॅथलिक शिकवणीची मांडणी याच्या फार जवळ जाते. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात आधी माणसाच्या मनातली देवाची ओढ येते, आणि ती देवानंच पेरलेली आहे असं म्हटलेलं आहे. मग येतं प्रकटीकरण. देव आहे, इथवर बुद्धी पोचू शकते. त्याच्या मनात काय आहे हे त्यालाच सांगावं लागतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५मध्ये जोर दिला तो याच गोष्टीवर, की प्रकटीकरण म्हणजे नुसती माहिती नव्हे, देव स्वतः भेटीला येतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा फरक विशेष जाणवतो.

ही दुहेरी चाल आपल्याला परकी नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर करत पंढरीला जाते. आणि ज्याच्याकडे ती जाते तो स्वतः पुंडलिकाच्या भेटीला आलेला, विटेवर थांबलेला. फरक आहे तो मोठा आहे: चर्चच्या मते देवाचं ते बोलणं ख्रिस्तात एकदाच, पूर्णपणे झालं.

हे मराठीत सांगायची वेळ आली तेव्हा काय झालं? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात उतरला. त्याच्या आधीच, १५६७च्या सुमारास, साष्टीतली देवळं पाडली गेली होती. त्याच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या सुरुवातीलाच एक बाटलेला ब्राह्मण त्याला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं का देत नाही? मला हा प्रश्न त्या ग्रंथातल्या सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठा वाटतो. बाप्तिस्मा झाला होता, शिकवण मिळाली होती, तरी कान रिकामे होते. आणि ते रिकामे कुणी केले, हे पाद्रीबाबानं आपल्या ग्रंथात राहू दिलं!

उत्तर म्हणून त्यानं दहा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या. स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. १६१६मध्ये ग्रंथ छापला, तो रोमी लिपीत. १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारनं लोकभाषांवरच बंदीचा हुकूम काढला, तरी हस्तलिखितं टिकली. शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती पुण्यातून निघाली १९५६मध्ये, ३४० वर्षांनी.