काबूलच्या विमानतळावरील निकामी हेलिकॉप्टरें

माघार घेणारें सैन्य मागें राहणाऱ्या तोफांच्या कानांत मेखा मारून जात असे, हें मराठ्यांचा इतिहास वाचलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तोफ ओढून नेण्यास बैल नाहींत, वेळही नाहीं. पण ती जशीच्या तशी शत्रूच्या हातीं पडली, तर उद्यां तिचें तोंड आपल्याचकडे वळावयाचें. म्हणून एक लोखंडी मेख, हातोड्याचे चार घाव, आणि मोलाची तोफ क्षणांत मुकी! हाच जुना विधि २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत काबूलच्या नागरी विमानतळावर पार पडला. फरक इतकाच कीं, या वेळीं निकामी करावयाच्या होत्या त्या तोफा नव्हत, तर विमानें व हेलिकॉप्टरें होतीं.

हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारें ५,९०० फूट उंचीवर, डोंगरांच्या कड्यांत वसला आहे. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत सोव्हिएट रशियाच्या साहाय्यानें त्याची उभारणी झाली. धांवपट्टी एकच. तिच्या दक्षिणेस प्रवाशांच्या इमारती, तर उत्तरेस लष्करी तळ. हजेस निघालेले यात्रेकरू व दिल्लीस औषधोपचारासाठीं येणारे रोगी ज्या पट्टीवरून उडत, त्याच पट्टीवरून युद्धाचीं यंत्रेंही उडत. शांततेचा आणि युद्धाचा असा एकत्र संसार वीस वर्षें चालला होता.

अफगाणिस्तानांत रस्ते थोडे, घाट बिकट आणि ठाणीं विखुरलेलीं. अशा देशांत हेलिकॉप्टर हें सैन्याचें वैभव नसून त्याची धमनी असते. दाणागोटा, दारूगोळा व जखमी शिपाई यांची ने-आण त्याच्यावरच अवलंबून. अफगाण वैमानिक व मिस्त्री रशियन बनावटीच्या एम्‌-आय्‌ १७ या हेलिकॉप्टरावर वाढलेले होते. त्याच्या देखभालीचें सुमारें ८० टक्के काम ते स्वतः करीत. २०१७ पासून अमेरिकेनें त्याच्या जागीं आपलीं ‘ब्लॅक हॉक’ हेलिकॉप्टरें देण्यास आरंभ केला. नवें यंत्र गुणवान्‌ खरें. परंतु उंचावरील विरळ हवेंत त्याला जुन्याइतकें ओझें उचलवत नसे. शिवाय त्याची दुरुस्ती जवळजवळ सर्वस्वीं परदेशी कंत्राटदारांच्या माणसांकडे होती. घोडा दिला, पण नालबंद मात्र परका, अशी ही व्यवस्था होती.

२९ फेब्रुवारी २०२० रोजीं दोहा येथें अमेरिका व तालिबान यांच्यांत करार झाला. त्या अन्वयें सैनिकांबरोबर कंत्राटी माणसांनींही देश सोडावयाचा होता. बाहेरच्या यंत्रज्ञांवांचून अफगाण वायुदलाचें कोणतेंही विमान कांहीं महिन्यांपेक्षां अधिक काळ लढण्यास समर्थ राहणार नाहीं, असा इशारा अमेरिकन सरकारनें नेमलेल्या महानिरीक्षकांनीं जानेवारी २०२१ मधील आपल्या गुप्त अहवालांत दिला होता. तो खरा ठरण्यास फार दिवस लागले नाहींत. जुलैच्या आरंभीं बग्रामचा मोठा तळ रिकामा झाला, आणि परकीयांस देशाबाहेर पडण्यास काबूलचा नागरी विमानतळ हेंच एक मोठें द्वार उरलें. ११ ऑगस्टला कुंदुझचा विमानतळ पडला. तेथें भारतानें २०१९ मध्यें अफगाणिस्तानास भेट म्हणून मिळवून दिलेल्यांपैकीं एक लढाऊ हेलिकॉप्टर तालिबानच्या हातीं लागलें. पण त्याचीं पातीं आधींच उतरविलेलीं होतीं. पातीं नसलेलें हेलिकॉप्टर म्हणजे चाकें काढलेला रथ! मेखा मारण्याचें सत्र असें काबूलच्या आधींच सुरू झालें होतें.

१५ ऑगस्टला तालिबान काबुलांत शिरले. अमेरिकन वकिलातींतील माणसें हेलिकॉप्टरांतून विमानतळावर आणण्यांत आलीं. त्याच सुमारास अनेक अफगाण वैमानिकांनीं, जीं यंत्रें उडूं शकत होतीं तीं घेऊन उत्तरेची सरहद्द ओलांडली. उझबेकिस्तानच्या सरकारी वकिलांनीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें २२ विमानें, २४ हेलिकॉप्टरें व ५८५ सैनिक त्या देशांत उतरले. या पलायनास कोणी भ्याडपणा म्हणेल. पण ज्या वैमानिकांस वेंचून ठार मारण्याचे प्रकार त्या वर्षीं घडत होते, त्यांच्यापुढें दुसरी वाट कोणती होती, हाही विचार न्यायबुद्धीनें केला पाहिजे.

पुढील पंधरवड्यांत एक लक्ष तेवीस हजारांहून अधिक नागरिक विमानांनीं देशाबाहेर नेण्यांत आले. २६ ऑगस्टच्या बाँबस्फोटांत १३ अमेरिकन सैनिक व सुमारें १७० अफगाण नागरिक प्राणांस मुकले. इकडे धांवपट्टीवर माणसांची ही कोंडी, आणि तिकडे हँगरांत हातोड्यांचे घाव! ३० ऑगस्टच्या मध्यरात्रीस एक मिनिट उरलें असतां शेवटचें अमेरिकन विमान उडालें. तेव्हां विमानतळावर ७३ विमानें व हेलिकॉप्टरें निकामी अवस्थेंत पडलेलीं होतीं. त्यांतील बहुतेक मुळांतच उडण्याजोगीं नव्हतीं, आणि तीं पुन्हां कधींही उडणार नाहींत, असें सेनापति मॅकेंझी यांनीं जाहीर केलें. दुसऱ्या दिवशीं तालिबानी सैनिक आंत फिरले, तेव्हां फुटलेल्या कांचा व मोडलेलीं उपकरणें त्यांच्या दृष्टीस पडलीं.

त्या लोखंडी थडग्यांत अमेरिकन परराष्ट्र खात्याचीं दोन पंख्यांचीं सात जुनीं ‘सी नाइट’ हेलिकॉप्टरें होतीं. याच जातीच्या हेलिकॉप्टरानें ३० एप्रिल १९७५ रोजीं सायगांवच्या वकिलातीच्या छपरावरून अमेरिकन राजदूत ग्रॅहॅम मार्टिन यांस उचलून नेलें होतें. शेहेचाळीस वर्षांत दोन युद्धांचा शेवट एकाच जातीच्या यंत्रानें पाहावा, हा योगायोग मन उदास करणारा आहे.

काबूलनें असा प्रसंग पूर्वींही पाहिला होता. १९२८ च्या अखेरीस राजा अमानुल्ला याच्या सुधारणांविरुद्ध बंड उसळलें, आणि ब्रिटिश वकिलात दोन्हीं पक्षांच्या गोळीबारांत सांपडली. टेहळणीस आलेलें एक विमान गोळ्या लागून शेरपूरच्या मैदानावर उतरलें व तेथेंच अडकून पडलें. तरीही २३ डिसेंबर १९२८ पासून २५ फेब्रुवारी १९२९ पर्यंत, ऐन हिमवर्षावांत, ५८६ माणसें डोंगरांवरून पेशावरकडे सुखरूप पोंचविण्यांत आलीं. त्यांत अनेक राष्ट्रांचे लोक होते; हिंदी लोकही होते. वकील सर फ्रान्सिस हंफ्रीस सर्वांच्या शेवटीं निघाले. तेव्हां संख्या लहान होती, म्हणून सर्वांस नेतां आलें. २०२१ मध्यें मात्र ज्यांनीं वीस वर्षें परकीयांचें काम केलें, असे हजारों लोक दरवाजाबाहेरच राहिले. यंत्रांची मोजदाद ७३ या आंकड्यानें पुरी झाली. माणसांची तशी झाली नाहीं.

या कथेचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. कतार व तुर्कस्तान येथील तंत्रज्ञांनीं विमानतळ सावरला, आणि सप्टेंबर २०२१ मध्यें प्रवासी विमानें पुन्हां उतरूं लागलीं. तालिबाननें जुन्या वायुदलाच्या यंत्रज्ञांस परत बोलाविलें. एकाचे भाग दुसऱ्यास जोडून त्यांनीं मागें राहिलेल्यांपैकीं कांहीं हेलिकॉप्टरें आकाशांत चढविलीं. परंतु सप्टेंबर २०२२ मध्यें काबुलांत शिकाऊ उड्डाणांत एक ‘ब्लॅक हॉक’ कोसळून तीन माणसें मेलीं. म्हणजे निकामी यंत्र उठवितां येतें. पण त्याला वागविणारी विद्या लुटींत मिळत नाहीं.

मेख मारलेली तोफ पुन्हां कामास लावणारे कारागीर पूर्वींही असत. म्हणूनच शहाणा राजा तोफेपेक्षां कारागिराला अधिक जपत असे. काबूलच्या विमानतळावर हातोड्यांचे घाव पडले ते ऑगस्टच्या अखेरीस. पण पहिली मेख त्यापूर्वींच, आपलें यंत्र आपल्या हातानें दुरुस्त करण्याची संवय सुटली त्या दिवशींच, मारली गेली होती.