काळे, भारत
भारतीय पदार्थवैज्ञानिक. पुणे येथील ‘सी-मेट’ या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक पदार्थविषयक संशोधनसंस्थेत त्यांनी प्रकाश-उत्प्रेरणावर, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने रासायनिक विक्रिया घडवून आणण्याच्या तंत्रावर, दीर्घकाळ संशोधन केले. फुजिशिमा व होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये टिटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन केल्यावर या क्षेत्राला चालना मिळाली. मात्र हे अर्धसंवाहक संयुग मुख्यत्वे जंबुपार किरणच शोषत असल्याने सूर्यप्रकाशाचा मोठा, दृश्य भाग वाया जातो. ही उणीव दूर करण्यासाठी काळे यांनी दृश्य प्रकाश शोषणाऱ्या सल्फाइड संयुगांवर भर दिला.

दक्षिण कोरियातील संशोधकांसमवेत त्यांनी २००६ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड फंक्शनल मटेरियल्स’ या नियतकालिकात कॅडमियम इंडियम सल्फाइडविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. या संयुगाची जलीय माध्यमात झेंडूच्या फुलासारखी, तर मिथेनॉलमध्ये नलिकांसारखी अतिसूक्ष्म रचना तयार होते. तेलशुद्धीकरणात निघणाऱ्या विषारी हायड्रोजन सल्फाइडचे या संयुगाच्या साहाय्याने विघटन करून हायड्रोजन हे इंधन मिळवता येते. प्रचलित क्लाउस प्रक्रियेत मात्र गंधक हाती लागते व हायड्रोजनचे पाणी होते.

अशा संशोधनाचा प्रभाव मोजताना एखाद्या निबंधाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, हे पाहतात. याचेच एक माप म्हणजे संशोधकाचा एच-निर्देशांक; तो २० असेल, तर त्याच्या किमान २० निबंधांना प्रत्येकी २० वा अधिक संदर्भ मिळालेले असतात. अशी मोजणी प्रसार दाखवते, उपयुक्तता नव्हे. प्रकाश-उत्प्रेरकाची खरी कसोटी त्याची कार्यक्षमता व टिकाऊपणा हीच होय.