एकाने म्हणायचे, साऱ्यांनी लिहायचे

1623 सालच्या नोव्हेंबरात पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा रोमचा प्रवासी गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज वकिलातीबरोबर कर्नाटकातल्या केळदीच्या नायकांच्या इक्केरीत होता. तिथे एका देवळाच्या ओसरीत चार मुले अंकगणित शिकत बसलेली त्याला दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एक मुलगा लयीत धड्याचा एक तुकडा म्हणे आणि म्हणता म्हणता तोच आकडा बोटाने वाळूत काढी. मग बाकीचे तिघे तेच म्हणत आणि लिहीत. जागा भरली की सारे पुसून नवी वाळू पसरायची. जवळ शिक्षक नव्हता. विसरलात किंवा चुकलात तर दुरुस्त कोण करते, असे त्याने विचारले. चौघेही एकाच वेळी एकाच जागी चुकणे शक्य नाही, असे मुलांनी सांगितले.

मुलांचे लक्ष कसे टिकवावे याविषयी आज प्रशिक्षणवर्ग भरतात. त्या प्रश्नाचे एक उत्तर या ओसरीत चालू होते. हात, तोंड आणि कान एकाच वेळी कामात असले की मन भटकायला वाव राहत नाही. शिवाय प्रत्येक जण दुसऱ्याचा तपासनीस.

महाराष्ट्रातल्या पंतोजींच्या शाळाही याच मुशीतल्या. देवळात, कुणाच्या पडवीत किंवा वाड्याच्या सोप्यात त्या भरत. वेगवेगळ्या वयांची आणि तयारीची मुले एकत्र आणि शिकवणारा एकटा. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, हात बसला की बोरूने मोडीचा कित्ता. एका मुलाने पाढा सांगायचा, बाकीच्यांनी मागून म्हणायचा. पूर्णांकांचे पाढे झाले की अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दीडकी आणि औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा. नवा मुलगा या घोषात शिरला की अर्थ कळण्याआधीच लय उचलायचा. पंतोजींचे लक्ष थोरल्या मुलांच्या हिशेबाकडे असताना धाकट्यांना अक्षर धरून देणारा हात बहुधा त्यांच्याहून थोडे पुढे गेलेल्या मुलाचा असे.

बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने 1823 साली आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा अहवाल मद्रास सरकारला पाठवला. त्यात 533 शाळांची नोंद आहे आणि त्यांपैकी 23 मराठी आहेत. शाळा सकाळी सहाच्या सुमारास भरे. पहिल्या येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना शाबासकी ना दोष. तिसऱ्याला छडीचा एक हलका स्पर्श, पुढच्यांना क्रमाने वाढत्या छड्या. मग मुलांचे साधारण चार वर्ग पडत. खालचे वर्ग बऱ्याच अंशी हुशार मुलांच्या हाती, वरचे खुद्द गुरुजींकडे, आणि गुरुजींची नजर मात्र साऱ्या शाळेवर. पुढे गेलेल्याने मागच्याला शिकवण्याच्या या रीतीचे इंग्लंडने केलेले अनुकरण योग्यच आहे, असे मतही कॅम्पबेलने नोंदवले.

या शाळांचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता कामा नये. कॅम्पबेलच्या 6,641 विद्यार्थ्यांत मुली होत्या फक्त 60. महाराष्ट्रातही शूद्रातिशूद्रांच्या मुलांना पंतोजींच्या पडवीत जागा मिळणे दुर्मीळच होते. रीत कितीही चांगली असो, तिच्या वर्तुळाबाहेर ठेवलेल्या मुलांपर्यंत ती पोचलीच नाही. ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती ही भिंत पाडायला.

कॅम्पबेलने उल्लेखलेले अनुकरण घडले ते अँड्र्यू बेलमुळे. हा स्कॉटिश पाद्री 1789 पासून मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि आपल्या शिक्षकांना तसेच करायला सांगितले. शिक्षक बधले नाहीत. तेव्हा बेलने वाळूतले लेखन शिकवण्याचे काम जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या मुलावर सोपवले. प्रयोग यशस्वी झाला आणि 1797 साली बेलने लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली.

त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या बरो भागात शाळा काढली होती. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले आणि मध्ये मॉनिटरांची, म्हणजे पुढे गेलेल्या मुलांची फळी. चिमुरड्यांसाठी तिथेही वाळूचे टेबल होते. बक्षिसांच्या चिठ्ठ्या होत्या, पण गुन्हेगार मुलाला टोपलीत घालून छताला टांगण्यासारख्या शिक्षाही होत्या. इक्केरीच्या ओसरीत कुणी कुणाचा वरिष्ठ नव्हता. लंडनमध्ये मुलांच्या हाती हुकूम आला. कारखान्यांच्या शहरांतली गरीब मुले थोड्या पैशांत शिकवायची होती, म्हणून शिस्त पहिली आली आणि सोबत्याने सोबत्याला सांभाळून घेणे मागे पडले. माझ्या मते या साऱ्या देवघेवीत सर्वांत मोठे नुकसान हेच झाले.

मग ही रीत समुद्र ओलांडून पुन्हा इकडे आली. मुंबईत 1822 साली देशी शाळांसाठी पुस्तके आणि शाळा पुरवणारी सोसायटी उभी राहिली. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे तिचे देशी सचिव होते. सोसायटीच्या समितीने 1823 साली देशी शिक्षणाचे दोष सांगितले: पुस्तके नाहीत, शिकवण्याची सोपी पद्धत नाही, तयार शिक्षक नाहीत, पैसा नाही. पद्धतीवरचा उपाय म्हणून तिने लँकेस्टरची रीत पुढे केली. ज्या देशातल्या शाळेतून बेलने अशी रीत उचलली होती, त्याच देशातल्या पंतोजींनी आता ती विलायतेकडून शिकावी, असे ठरले.

1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर शिक्षक तयार करणाऱ्या शाळा वाढल्या आणि प्रशिक्षित मास्तर गावोगाव गेले. पाट्या, छापील पुस्तके, इयत्ता आणि परीक्षा आल्या. तरी सामूहिक पाढे टिकले. संध्याकाळी घरोघर म्हटल्या जाणाऱ्या परवचेतही ते होते. आणे-पै आणि शेर-पावशेराच्या हिशेबात पावकी-निमकीवाचून दुकानदाराचे चालत नव्हते. 1957 साली दशमान नाणी आली, पुढच्या वर्षापासून मेट्रिक वजने, आणि औटकी पाठ करून घेण्याचे कारणच बाजारातून नाहीसे झाले.