उघड्या टपाची जीप : एक पाठचिकित्सा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मालवण तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी एक वेगळेच काम घेऊन आला. आचऱ्याच्या वाटेवरील एका वाडीत, मांगरात झापांखाली उभी असलेली जुनी जीप त्याला विकत घ्यायची होती. "इंजिन मेस्त्री बघतलो, सर. कागद तुमी बघा," असे त्याचे म्हणणे. मराठीच्या प्राध्यापकाने जीपचे कागद काय बघावेत, असे प्रथम वाटले. पण ते मळके पुस्तक हातात आल्यावर ध्यानात आले, की हा प्रकार आपल्या विषयाच्या फारसा बाहेरचा नाही. कुठला भाग मूळचा, कुठला मागाहून घातलेला आणि तो कोणी व का घातला, हे प्रश्न पोथीपुढे बसणाऱ्यालाही पडतातच.

'कन्व्हर्टिबल' म्हटले की डोळ्यांपुढे संस्थानिकांची मोटार येते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याला लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहतात. पण आपल्या किनाऱ्यावर उघड्या टपाची गाडी म्हणजे जीप. टप हा शब्द घोडागाडीकडून मोटारीकडे आला, आणि टप पाडणे, टप चढवणे ही क्रियापदेही त्याच्याबरोबर आली. 'आराधना' (१९६९) मधली आगगाडीशेजारून धावणारी उघडी जीप पाहून शहरातला प्रेक्षक सुखावला असेल. कोकणात तीच गाडी खात्याच्या साहेबांना, निवडणुकीच्या कर्ण्याला, आजाऱ्याला आणि प्रसंगी माशांच्या टोपल्यांनाही वाहून नेत होती.

जीपचा जन्म युद्धातला. १९४० साली अमेरिकेत बँटम कंपनीने पहिला नमुना बनवला आणि १९४१ पासून विलीज व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या युद्धासाठी तयार केल्या. युद्ध संपल्यावर लष्कराची उरलेली वाहने विक्रीस निघाली. 'डिस्पोजलचा माल' हा शब्दप्रयोग आपल्याकडे त्या काळाने दिला. पुढे महिंद्र बंधूंच्या कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून विलीज जीप बांधायला सुरुवात केली. ही कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड महंमद' होते. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचे नाव बदलले.

युद्धातली जीप आणि माझगावची जीप यांतला फरक खरेदीदाराला कळला पाहिजे, कारण बाजारात दुसरीला खाकी रंग लावून पहिलीच्या भावाने विकण्याचा मोह होतो. खुणा साध्या आहेत. युद्धकाळातल्या बहुतेक जीपच्या तोंडावरच्या जाळीत नऊ फटी असतात, तर नंतरच्या नागरी जीपला सात. पहिलीचे स्टिअरिंग डावीकडे असते. फोर्डने बनवलेल्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर उठवलेले आढळते. १९५३ साली आलेल्या सीजे-३बी या नमुन्याचे बॉनेट उंच आहे, कारण आतले नवे इंजिन उंच होते. मांगरातल्या जीपला सात फटी, उंच बॉनेट आणि उजवीकडे स्टिअरिंग. तिने युद्ध पाहिलेले नव्हते.

येथे थोडे विषयांतर करतो. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला खरेदीघोटाळा जुन्या जीपचाच होता. १९४८ साली, काश्मीरमध्ये लढाई चालू असताना, ब्रिटनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी रूढ कार्यपद्धती डावलून एका परदेशी कंपनीशी लष्करी जीपचा ८० लाख रुपयांचा करार केला. या गाड्या कोऱ्या नव्हत्या, वापरलेल्या गाड्या दुरुस्त करून मिळायच्या होत्या. बरीचशी रक्कम आगाऊ दिली गेली आणि प्रत्यक्षात १५५ जीप आल्या. त्याही कामाच्या नाहीत अशी ओरड झाली. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या समितीने चौकशीची सूचना केली, तरी ३० सप्टेंबर १९५५ रोजी सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. पुढच्या फेब्रुवारीत मेनन मंत्रिमंडळात आले. या प्रकरणाची राजकीय बाजू पुष्कळांनी लिहिली आहे. मला त्यात एक गृहस्थी चूकही दिसते. जुनी गाडी पाहण्याआधी पैसे मोजले गेले.

आमच्या मेस्त्रीने ती चूक होऊ दिली नाही. "सर, वरसून बघू नकात, खालसून बघा," म्हणत तो पोत्यावर उताणा पडून गाडीखाली शिरला. मालवणच्या हवेत मीठ असते आणि पावसाचे चार महिने ओल सुटत नाही. त्यामुळे गंज वरून कमी आणि आतून जास्त चालतो. चासीच्या पट्ट्या बाहेरून धड दिसतात, हातोडीने ठोकले की आवाज बद्द येतो. फरशीचा पत्रा चटईखाली चाळणी झालेला असतो. युद्धकाळातल्या जीपच्या फरशीखालच्या आडव्या पट्ट्यांत तर चक्क लाकूड भरलेले असे. ते पाणी धरून ठेवी आणि पत्रा आतून खाई. मेस्त्रीच्या खिशात एक चुंबक होते. रंगाखाली पत्रा असेल तिथे ते चिकटे, लांबी भरलेली असेल तिथे घसरे. डाव्या बाजूच्या पत्र्यावर ते तीन ठिकाणी घसरले. चासी मात्र शाबूत निघाली, आणि तीच महत्त्वाची. पत्रा नवा ठोकता येतो, इंजिन बदलता येते. चासी गेली की गाडी गेली, कारण कायद्याच्या लेखी गाडीची ओळख चासीच्या क्रमांकाने होते.

आता कागद. पहिली नोंद रत्नागिरीची, मालक एक सरकारी खाते. मग लिलाव. मग दोन खासगी नावे. त्यानंतरचा शिक्का सिंधुदुर्गाचा, कारण १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याची फाळणी अशी एका जीपच्या पुस्तकात दोन शिक्क्यांमधल्या रेघेवर सापडावी, याचे मला अप्रूप वाटले. इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल' खोडून 'डिझेल' लिहिले होते, बाजूला सही. ती खाडाखोड करणाऱ्या मालकाच्या डोक्यात इतिहास नव्हता. पेट्रोल परवडत नव्हते, एवढेच.

विद्यार्थ्याची खरी अडचण इथे सुरू झाली. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून जीप घ्यायची, जुन्या रूपात आणायची, 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची आणि घरी उतरणाऱ्या पर्यटकांना तारकर्लीपर्यंत फिरवायचे, असा त्याचा बेत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने अशा वाहनांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन किंवा इंधन-दुरुस्तीपुरती रस्त्यावर आणायची. रोजचा किंवा धंद्याचा वापर नाही. म्हणजे डिझेल इंजिनामुळे ती व्हिंटेज नाही, आणि मूळ इंजिन शोधून बसवून ती व्हिंटेज ठरली असती तरी पर्यटकांना घेऊन फिरता आली नसती.

मला हा नियम चूक वाटत नाही. बनावटीला आळा बसायचा तर मूळ रूपाचा आग्रह हवाच. पण भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वगळलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. जीपला परिशिष्ट नसते. डिझेल इंजिन काढले की या गाडीची किनाऱ्यावरची तीस-चाळीस वर्षे भंगारात जातात, आणि उरते ती माझगावच्या फाटकातून निघालेली, कोणाचीच नसलेली गाडी. मी त्याला इंजिन ठेवायला सांगितले. पैशांच्या बाबतीत मात्र सल्ला दिला नाही. तो अधिकार माझा नव्हे.

गाडीचे मालक, ऐंशीच्या घरातले, ओट्यावर बसून हे सारे ऐकत होते. "गाडी चालता हा. पण आता चालवतलो कोण?" एवढेच ते बोलले. भावही त्यांनी त्यानंतर फारसा ताणला नाही.

जीप आता विद्यार्थ्याच्या अंगणात आहे, साध्या खासगी नोंदणीची, मुदत वाढवून घेतलेली. पर्यटकांच्या फेऱ्यांचा बेत त्याने सोडला. एका गॅरेजवाल्याने खाकी रंग आणि बॉनेटवर पांढरा तारा सुचवला होता, तो त्याने नाकारला. डॅशबोर्डच्या कडेला खरवडल्यावर तीन थरांखाली करडा रंग निघाला. बहुधा खात्याचा. तोच लावायचा ठरला आहे. टप अजून शिवून व्हायचा आहे. जुन्या टपाच्या किंतानावर तीन वेगवेगळ्या हातांची शिवण दिसते. पावसाळ्यात होड्यांवर घालायची आच्छादने शिवणाऱ्या देवबागच्या एका कारागिराने तो मापासाठी ठेवून घेतला आहे.