पोलीस ॲक्शनची छायाचित्रे आणि आपली वस्ती

नांदेडला इतिहास शिकविताना दरवर्षी १७ सप्टेंबरच्या सुमारास मी वर्गात दोन छायाचित्रे दाखवितो. पहिल्यात १८ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी फौजेचे सेनापती अल इद्रूस मेजर जनरल चौधरी यांना शरण येत आहेत. दुसऱ्यात १९४९ च्या फेब्रुवारीत खुद्द निजाम बेगमपेठ विमानतळावर सरदार पटेलांना हात जोडीत आहे. स्वतंत्र भारताने चहूबाजूंनी वेढलेले त्याचे राज्य एखाद्या बेटासारखे होते. ते पाच दिवसांत कोसळले.

एका वर्षी लातूरकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, यात आपली माणसं कुठं आहेत?” मला उत्तर देता आले नाही. कॅमेरा सेनापतींपाशी होता. महारवाड्यात, मांगवाड्यात तो कोण आणणार?

बाबासाहेबांनी २७ नोव्हेंबर १९४७ च्या पत्रकात संस्थानातील अस्पृश्यांना बजावले होते, की निजामाची वा इत्तेहादची बाजू घेऊ नका. हा इशारा किती वस्त्यांपर्यंत पोचला, हे कोणते छायाचित्र सांगणार?

आणखीही पुष्कळ माणसे चौकटीबाहेर राहिली. पंडित सुंदरलाल समितीने पोलीस ॲक्शनच्या वेळी व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड जिल्ह्यांना बसली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, उदगीर बीदर जिल्ह्यात. हा अहवाल कैक दशके सरकारी दप्तरात पडून राहिला.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, “घरी जा, आजीला विचार, लिहून आण.” त्याने वहीची चार पाने आणली. रझाकार आले तेव्हा ओझे वाहायला आजोबांना धरून नेले. लष्कर आले तेव्हा वाट दाखवायलाही त्यांनाच उठवले. मग गावाने त्यांनाच ‘रझाकारांचा माणूस’ ठरवले. त्याच दिवसांत आजी ज्वारीच्या उभ्या पिकात लपलेल्या एका मुसलमान बाईला रात्री भाकरी नेऊन देत होती.

मुक्तिसंग्रामाचा गौरव आपणही करतो. पण मुक्ती कोणाच्या दारापर्यंत आली, हे विचारल्याशिवाय तो गौरव पुरा होत नाही. त्या वेळी दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहेत. शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी याच वर्षी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले पाहिजे.

ती चार पाने मी आता वर्गात त्या दोन छायाचित्रांच्या शेजारी ठेवतो.