बंदरात प्लेग, वाटेवर कापूस

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील गाव. मुंबई–आग्रा रस्ता आणि सुरत–भुसावळ लोहमार्ग इथे एकमेकांना भेटतात. समुद्र पुष्कळ दूर. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या काळ्या मातीतील कापसाला काय भाव मिळेल, हे मुंबईच्या बंदरात ठरत असे. आणि १८९६-९७ साली त्या बंदरात प्लेग होता.

खानदेशचे जुने नाते मुळात मुंबईशी नव्हे, सुरतेशी. मोगल काळात बुऱ्हाणपूरचा माल नंदुरबार, नवापूर या वाटेने सुरतेच्या बंदराला उतरत असे. पुढे तापीचे मुख गाळाने भरत गेले आणि मुंबई वाढली. १८६०च्या दशकात जीआयपी रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळले, पण वाट मात्र कायमची बदलली. बैलगाड्यांतून रेल्वेपर्यंत, तिथून कुलाब्याच्या कापूस बाजारात आणि मग जहाजावर, असा तो प्रवास. १८८० साली प्रिन्सेस गोदी आणि १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी सुरू झाली. १८९३ साली मुंबई–कोबे ही जपानी जहाजांची सेवा टाटांच्या सहकार्याने सुरू झाली, तीही मुख्यतः कापसासाठी. म्हणजे प्लेग आला तेव्हा हे बंदर युरोपइतकेच पूर्वेकडेही जोडलेले होते.

रोगही बहुधा पूर्वेकडूनच आला. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जाई आणि त्या वाटेवर जहाजांची सतत ये-जा असे. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. पोत्यांच्या थप्प्या, त्यांच्यात उंदीर, आणि त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर दाटीने राहणारी माणसे. रोगाला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

मुहूर्तही वाईट होता. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि गाठींचा ओघ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत बंदराकडे वाहतो. मुंबईतला प्लेगही थंडीत चढे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरे. ज्या महिन्यांत बंदराला सर्वाधिक हात लागत, त्याच महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. लाखो लोक रेल्वेने आणि किनाऱ्यावरच्या बोटींनी गावी निघून गेले. गिरणीमालकांना रोजची मजुरी रोज चुकती करावी लागली आणि ते एकमेकांचे मजूर जादा पैसे देऊन पळवू लागले. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढीसाठीच ख्यात असलेल्या शहराची ही घट.

सरकारपुढचा खरा पेच मात्र मुंबईत नव्हता, तो युरोपात होता. सुवेझ कालव्यामुळे मुंबई युरोपच्या दाराशी आली होती आणि तिथल्या बंदरांनी हिंदुस्थानचा माल नाकारला तर काय, ही धास्ती मोठी होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्याच महिन्यात, ४ फेब्रुवारीला, हिंदुस्थानात साथरोग कायदा झाला आणि मुंबई व कराची बंदरांतून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूक थांबवण्यात आली. व्हेनिसमध्ये धोकादायक मालाची जी यादी ठरली, तिच्यात वापरलेले कपडे, अंथरुणे, चिंध्या, कच्ची कातडी असे जिन्नस होते. व्यापाराचा मुख्य माल तिच्याबाहेर राहिला. जहाजावर चढणाऱ्या माणसांची वैद्यकीय तपासणी मात्र कडक झाली.

याला कारस्थान म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. तेव्हाच्या बहुतेक वैद्यकांचा समजच असा होता की प्लेग घाणीतून, कोंदट हवेतून आणि माणसाच्या अंगावरून पसरतो. म्हणून गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली गेली, घरे उघडून चुना फासला गेला, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून त्यांच्या काखा आणि जांघा तपासल्या गेल्या. स्त्रियांच्या तपासणीवरून संताप उसळला. त्याआधीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात २२ जून १८९७ रोजी काय घडले, ते सर्वश्रुत आहे. तरी एवढे म्हणावेच लागते, की शास्त्राचा संशय जिथे व्यापाराच्या सोयीला धक्का लावत नव्हता, तिथेच तो विशेष तत्परतेने अमलात आला.

आणि संशय चुकीच्या जागी होता. पॉल-लुई सिमों हा फ्रेंच वैद्य त्या काळात मुंबई आणि कराचीत काम करत होता. एका लोकर कारखान्यात मेलेले उंदीर उचलण्यासाठी लावलेले मजूर काही दिवसांतच आजारी पडले आणि उंदरांना हात न लावलेले मात्र बचावले, ही हकीकत त्याने नोंदवली. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने प्रयोगाने दाखवले, की रोग उंदरावरच्या पिसवा वाहून नेतात. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. हिंदुस्थान सरकारच्या प्लेग आयोगानेही त्याचे म्हणणे बाजूला सारले. १९०५ नंतर मुंबईतच झालेल्या संशोधनाने ते खरे ठरले. पण मधल्या आठ-नऊ वर्षांत प्रवाशांच्या काखा तपासल्या जात होत्या आणि पोती न तपासता पुढे जात होती. उंदराची पिसू धान्याच्या पोत्यातून, मालाच्या गाठोड्यातून दूरवर जाऊ शकते, हे पुढे उमगले.

इथे खानदेशची गोष्ट अवघड होते. कारण बंदराकडे कापूस जात होता, तसे बंदराकडून धान्य येत होते. १८९६-९७ हे प्लेगचे वर्ष दुष्काळाचेही होते, आणि १८९९-१९००चा दुष्काळ त्याहून भीषण ठरला. ब्रह्मदेशाचा तांदूळ जहाजांनी मुंबईला उतरे आणि रेल्वेने आत जाई. पोती अडवावीत तर गावे उपाशी मरणार, सोडावीत तर त्यांच्याबरोबर उंदीर जाणार. उंदराचा आणि पोत्याचा संबंध तेव्हा कोणी मानला असता, तरी मांडवीच्या वखारींना कुलूप लावण्याचे धाडस त्या दुष्काळात कोणत्या सरकारने केले असते, हा प्रश्न उरतोच.

नरडाण्याची रेल्वे नेमकी याच वर्षांतली. किलिक निक्सन या मुंबईच्या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली तापी व्हॅली रेल्वे बांधली जात होती. १९०० साली सुरत ते अमळनेर हा मार्ग पूर्ण झाला आणि अमळनेरला तो जळगावकडून आलेल्या जीआयपीच्या फाट्याशी जुळला. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ही गावे एकदम बंदराच्या टप्प्यात आली. जुन्या सुरत वाटेचाच हा लोहमार्ग. फरक इतकाच, की सुरतेला पोचलेला कापूस आता सुरतेच्या बंदरात थांबत नव्हता. दुसऱ्या रेल्वेने तो मुंबईच्या गोदीकडेच जाई.

बैलगाडीच्या काळात मुंबईचा रोग या गावांपर्यंत यायला वेळ लागे. रेल्वेने कापसाचा प्रवास दिवसांवरून तासांवर आणला आणि परतीच्या डब्यांचाही. प्लेग खानदेशात पोचला आणि पुढची अनेक वर्षे थंडीच्या दिवसांत परत परत येत राहिला. उंदीर मरून पडू लागले की घरे सोडून शेतात झोपड्या बांधायच्या, हे लोक अनुभवाने शिकले. आयोगांचे अहवाल त्याच निष्कर्षापर्यंत पोचायला १९०८ साल उजाडले. तोवर नरडाण्याच्या स्थानकावरून गाठी खाली जात होत्या आणि पोती वर येत होती.