काढलेल्या देवी, घेतलेली लस

२०२१च्या दिवाळीआधीची गोष्ट. रिसोड तालुक्यातल्या केनवडात एका ओळखीच्या घरी ओसरीवर बसलो होतो. नातू कॉलेजला निघाला होता. आजीनं त्याला हटकलं, "काढल्या का रे बाप्पा देवी तुह्या?"

"आजी, देवी नाही. लस घेतली. दोन्ही डोस," असं म्हणत त्यानं मोबाइलवरचं कोविड लशीचं कोविन प्रमाणपत्र पुढे धरलं. २० ऑक्टोबरपासून राज्यातली महाविद्यालयं उघडली होती, पण अठरा वर्षांपुढच्या ज्यांचे दोन्ही डोस झाले, त्यांनाच वर्गात प्रवेश होता. राहिलेल्यांसाठी २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर 'मिशन युवा स्वास्थ्य' या नावानं मोहीम ठरली होती.

आजीनं मोबाइलकडे पाहिलंच नाही. नातवाचा दंड धरून ती खूण शोधू लागली. तिच्या स्वतःच्या हातावर रुपयाएवढा, मधे खोलगट आणि कडेला सुरकुतलेला देवीचा वण होता. नातवाला तिचा प्रश्न जुना वाटला. मी मात्र 'काढल्या' या क्रियापदापाशी अडलो आणि अजून तिथून हललेलो नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेला भाग थोडक्यात सांगतो. १७९६ साली एडवर्ड जेन्नरनं गोदेवीच्या फोडातला द्रव एका मुलाच्या हातात टोचला. ती लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत मुंबईला आली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. पुढे हाताहाताने ती देशभर पसरली: एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव पुढच्या मुलाला.

आता क्रियापदाकडे येऊ. टोचायचं ते सुईनं, मग देवी 'काढल्या' का म्हणायचं? एक मत असं, की रांगोळी काढतात, नक्षी काढतात, तशी हातावर खूण काढली. हिंदीतला 'टीका' याच वाटेनं आला, म्हणून हे मत पटण्यासारखं वाटतं. दुसरं मत असं, की एकाच्या हातातून द्रव बाहेर काढत, म्हणून काढणं. पण मग ज्याच्या फोडातून द्रव घेतला, त्याच्याच देवी 'काढल्या' म्हणायला हव्यात. आपण तर ज्याला टोचलं त्याच्या देवी काढल्या म्हणतो.

माझं मत व्याकरणावर उभं आहे. गोवर निघतो, देवी निघतात. निघणं आपोआप होतं. तेच माणसानं घडवून आणलं की काढणं. पाणी निघतं, आपण पाणी काढतो. शितळादेवी आपल्या मर्जीनं अंगभर निघायची. सुईवाल्यानं तिला एका दंडावर, चार फोडांपुरती काढली. रांगोळीवाल्यांना माझा एवढाच प्रश्न आहे: खूणच काढायची होती, तर वाक्यात देवीचं अनेकवचन कशाला?

'लस' हा शब्दही त्याच फोडातून आलेला आहे. आज तो कुपीतल्या औषधाचा वाटतो, पण जखमेतून लस येते असं आपण अजूनही म्हणतो. संस्कृत 'लसीका' म्हणजे शरीरातला पातळ द्रव, त्यावरून पंडितांनी इंग्रजी 'लिम्फ'ला प्रतिशब्द बनवला, असं कुणी म्हणेल. ध्वनीच्या दृष्टीनं त्यात खोट नाही, कन्नडातही लशीला 'लसिके'च म्हणतात. तरी मला हा शब्द पोथीतून आलेला वाटत नाही. गुजराती बघा: तिथं लशीला 'रसी' म्हणतात आणि रसी म्हणजे पू. शब्द वेगळा, पण अर्थाची वाट तीच. दोन शेजारी भाषा फोडातून निघणाऱ्या द्रवावरून औषधाचं नाव ठेवतात, तेव्हा ते नाव फोड डोळ्यांनी बघणाऱ्यांनीच ठेवलेलं असणार.

या शब्दांचा कॉलेजच्या दाखल्याशी काय संबंध? १८७७ साली मुंबई शहरात देवी काढणं सक्तीचं झालं. १८८०च्या कायद्यानं नगरपालिका आणि छावण्यांना तशी सक्ती लागू करता येऊ लागली. त्या कायद्यात 'मूल' म्हणजे चौदा वर्षांखालचा मुलगा किंवा आठ वर्षांखालची मुलगी. टोचल्यावर काही दिवसांनी मुलाला पुन्हा दाखवायला न्यावं लागे आणि दाखला मिळे तो 'यशस्वी' लसीकरणाचा. फोड उठला तर दाखला, नाहीतर पुन्हा टोचणं. सरकारी कागदसुद्धा आजीसारखाच विचारत होता: निघाल्या का?

१९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं आणि हा प्रश्न मागे पडला. इतर लशींपैकी बीसीजीनं डाव्या दंडावर बारीक खूण ठेवली, बाकीच्या खूण न ठेवता येऊ लागल्या. मग क्रियापद बदललं: लस 'घेतली'. दाखलाही घेतल्याचा झाला, तारीख आणि डोस क्रमांक एवढाच.

शरीराला विचारायची जुनी रीत आता परदेशी कॉलेजांच्या अर्जात भेटते. अमेरिकेत शाळेसाठी लशीची सक्ती करणारं पहिलं राज्य मॅसॅच्युसेट्स, १८५५ साली. आज तिथली बहुतेक विद्यापीठं गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एमएमआर लशीचे दोन डोस मागतात. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर आहे, रुबेलाही आला, गालगुंड मात्र नाही. त्यामुळे वऱ्हाडातल्या पोरापोरींची लहानपणची कार्डं तिथं अपुरी पडतात. मग एकतर पुन्हा टोचून घ्यायचं, नाहीतर रक्त तपासून प्रतिपिंडं दाखवायची. अनेक विद्यापीठांना असा अहवाल चालतो. त्या अहवालात सुई कधी टोचली हे नसतं. अंगात काय उमटलं, तेवढंच असतं.

आजी नातवाच्या दंडावर तेच शोधत होती. तिला डाव्या दंडावरची बीसीजीची खूण सापडली, ती जुनी होती. "हे तं लहानपणचं," असं म्हणून तिनं उजवा हात मागितला.